कूलर बंद करून जेवताना

नोकरीची सगळी वर्षं मी 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढली. कॉलेजच्या ग्रंथालयात माझं टेबल नेमकं त्या पाटीखाली होतं. त्यामुळे शांततेच्या विषयात आपल्याला आणखी काही शिकायचं उरलेलं नाही, असा माझा समज होता. निवृत्तीनंतर शहरात जिकडेतिकडे शांततेची शिबिरं भरू लागली आणि लोक फी भरून गप्प बसू लागले, तेव्हा पाणपोईवाल्याला बाटलीबंद पाणी पाहून जे वाटत असेल, तेच मला वाटलं.

अशाच एका शिबिराला बायको जाणार म्हणाली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे एक विनोद केला. ती हसली नाही. "तुम्ही फक्त सोडून द्या मले स्कूटरवर," म्हणाली. तेव्हा मला कळलं की प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

प्रकरण असं होतं. आदल्या हिवाळ्यात आमच्या मुलाचं लग्न झालं. सून पुण्याकडची. दोघंही मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी करतात आणि आमच्याबरोबर, नागपुरातल्या खामल्याच्या जुन्या घरात राहतात. आम्हाला मुलगी नाही. त्यामुळे ही मुलगी घरात आली तेव्हा बायकोला जे झालं होतं, त्याला आनंद हा शब्द फार किरकोळ आहे. थंडीत दोघी सुट्टीच्या दिवशी अंगणातल्या उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या. सोलणं कमी आणि बोलणं जास्त. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत ऐकायचो. ती पुण्याच्या गोष्टी सांगायची, ही वऱ्हाडातल्या. एकमेकींच्या शब्दांना हसायच्या. संध्याकाळी पातेल्यात दाणे मूठभर आणि टोपलीत शेंगा तशाच असायच्या.

मग होळी झाली, आणि नागपुरात होळीनंतर जे होतं ते झालं. कूलर निघाला.

बाहेरच्या लोकांना हे सांगूनही कळत नाही. आमच्याकडे कूलर निघणं हा घरातला एक समारंभ असतो. त्याच्यावरची प्लॅस्टिकची चादर काढायची, टाकी घासायची, गंज लागलेल्या जागी रंग मारायचा, जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या बसवायच्या, पंप चालतो की नाही ते पाहायचं आणि मग सगळ्यांनी पहिल्या झोतासमोर उभं राहायचं. वाळ्याचा तो ओला वास आला की उन्हाळा सुरू झाला. आमचा कूलर लोखंडी आहे, हॉलच्या खिडकीत बाहेरून लावलेला. मुलाच्या शाळेच्या दिवसांतला. हवा उत्तम देतो. आवाजही उत्तम देतो. सकाळी नऊला सुरू झाला की रात्री झोपेपर्यंत घरात मालगाडी उभी असल्यासारखं वाटतं, आणि ती पुढे जात नाही.

मुलाने स्वतःच्या खोलीत एसी बसवून घेतला होता. पण एसीला दार बंद लागतं, आणि आमच्या घरात भरदिवसा बंद असलेलं दार म्हणजे निषेधाचा ठराव समजला जातो.

एप्रिल लागला तशी सून बोलेनाशी झाली. कामावरून आली की हातपाय धुऊन खोलीत. सुट्टीच्या दिवशी जेवायला बाहेर यायची, ताटाकडे पाहून जेवायची, ताट उचलून जायची. बायको आणखी वाढायची, आणखी विचारायची, आणि मुलगी आणखी आक्रसायची. मे महिना उजाडता उजाडता मुलगा एका संध्याकाळी माझ्याबरोबर गच्चीवर पाणी मारायला आला. एरवी त्याला यासाठी हाका माराव्या लागतात. त्यामुळे मी पाइप त्याच्या हातात दिला आणि वाट पाहत उभा राहिलो.

"बाबा, आम्ही मिहानकडे एक फ्लॅट पाहून आलो. भाड्याने."

"बरं."

"घरमालक म्हणते, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत सांगा."

"काहून पण?"

त्याने बराच वेळ एकाच जागी पाणी मारलं. तिथली गच्ची थंड होऊन गेली असेल. "तुमची सून म्हणते, आई तिच्यावर सारखी ओरडून राहते. लग्न झालं तेव्हा चांगल्या होत्या, म्हणते. आता मी त्यांना आवडेनाशी झाली."

हे मी बायकोला सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण हॉलमध्ये सांगायला नको होतं. तिच्या हातात पोळ्यांचा डबा होता.

"मी ओरडतो? मी?" ती म्हणाली. "मी कधी ओरडली तिच्यावर? सांगा ना, कधी ओरडली?"

हे तिने ज्या आवाजात विचारलं, त्यावर उत्तर देण्याची माझी हिंमत झाली नाही. पण तिचे डोळे भरले होते. मुलीसारखी म्हणून जिला घरात आणलं, तीच आपल्यामुळे घर सोडून चालली आहे, हे तिला खोटंही वाटत होतं आणि खरंही. गल्लीतल्या मैत्रिणीने शिबिराचं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती निघाली.

शिबिर सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये होतं. मी नुसता सोडायला गेलो होतो, पण बाहेर ऊन आणि आत एसी, त्यामुळे शेवटच्या रांगेत बसलो. वक्ते पांढऱ्याशुभ्र रेशमी सदऱ्यात होते. गालाजवळ माइक. त्यांनी डोळे मिटून घ्यायला लावले आणि म्हणाले, "शांतता ऐका." ते इतक्या मोठ्या स्पीकरमधून म्हणाले की माझ्या शेजारचे गृहस्थ दचकून जागे झाले. मागे जनरेटर चालू होता. स्टेजवर वक्त्यांचा चार माणसांएवढा फोटो होता, आणि त्यातही त्यांचे डोळे मिटलेले होते. मधल्या सुट्टीत चहासाठी जी झुंबड उडाली ती पाहून मला ग्रंथालयातले परीक्षेचे दिवस आठवले.

शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि पितळेची एक लहान घंटा मिळाली. घरात दिवसातून केव्हाही घंटा वाजवायची. ऐकणाऱ्याने हातातलं काम थांबवायचं, एक श्वास घ्यायचा, आणि आपण काय करतो आहोत, कसं करतो आहोत, ते पाहायचं. एवढंच.

"एवढ्यासाठी प्रमाणपत्र?" मी येताना स्कूटरवर विचारलं.

"तुम्ही समोर पाहून चालवा," ती मागून म्हणाली. एका अर्थी शिबिराचं सार तेच होतं, पण हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

घंटेचे पुढचे दिवस मी फार आनंदात घालवले, हे कबूल केलं पाहिजे. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घंटा वाजवायची आणि हॉलमध्ये कोणाला काही ऐकू यायचं नाही. कूलर चालूच असायचा. मग ती जोरात वाजवायची. मग हॉलमध्ये येऊन वाजवायची. शेवटी एकदा मुलाच्या कानाजवळ वाजवली, तेव्हा तो म्हणाला, "आई, आइसक्रीमवाला आला का?" ती घंटा तिने कपाटावर ठेवून दिली. सून एवढं होऊनही हसली नाही. ती ताटाकडे पाहत होती.

पुढचा शनिवार आला. घरमालकाला सांगण्याच्या रविवारला एक आठवडा उरला होता. दुपारचं जेवण चालू होतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बायकोने डाळकांदा केला होता, भात होता, कैरीचा तक्कू होता. चौघं जेवत होतो आणि कूलर पूर्ण वेगात होता. सुनेने भात नको म्हणून हात आडवा धरला. बायको भाताचं भांडं घेऊन तिच्यावर वाकली आणि रोज म्हणते तेच म्हणाली,

"घे ना वं बेटा अजून भात! काहून इतकुसा घेतला! काय खाते का नाही तू!"

आणि 'काहून'वर लाइन गेली.

कूलर एक सुस्कारा टाकून थांबला. पंखा थांबला. फ्रीज थांबला. आणि त्या एकदम उघड्या पडलेल्या शांततेत बायकोचं उरलेलं वाक्य एकटंच हॉलमधून निघालं, खिडकीतून बाहेर पडलं आणि गल्लीत जाऊन पोचलं. ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असं म्हणायला हरकत नाही. ते भात वाढणाऱ्या बाईचं वाक्य नव्हतं. ते चोर पकडलेल्या हवालदाराचं होतं.

कोणी काही बोलण्याआधी भिंतीपलीकडून शेजारच्या म्हाताऱ्या मावशींचा आवाज आला. "जाऊ दे ना वं! लेकरू आहे ते! किती रागावशीन रोज रोज!"

बायको भांडं हातात धरून उभी होती. "मावशी, मी भात वाढून राहिली!"

मग मावशी म्हणाल्या, "भात? मले वाटलं भांडण."

मुलाला हसू आलं आणि ठसका लागला. मीही हसलो असतो, पण सुनेकडे लक्ष गेलं. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताटावरून मान वर केली होती.

"आई," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, आणि तरी प्रत्येकाला ऐकू आलं. "मलाही रोज तसंच वाटतं."

बायकोने भांडं खाली ठेवलं. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. विचारलं, "रोज?" हे तिने थंडीतल्या आवाजात विचारलं. तो आवाज इतके दिवस कुठे होता, तर कूलरच्या खाली होता.

"थंडीत तुम्ही वेगळ्या होतात," सून म्हणाली. "एकदम बदललात. मी विचार करून थकले की माझं काय चुकलं. माझ्या माहेरी एवढ्या मोठ्याने फक्त भांडताना बोलतात."

"आणि तू दार लावून घेते," बायको म्हणाली. "मले वाटे, पोरीले माझं तोंड नाही पाहायचं."

"आत एसी असतो, आई."

"ते मले काय माहीत, काहून लावते!"

नेमकी तेव्हाच लाइन आली. पंखा फिरला, फ्रीज गुरगुरला, आणि कूलर मालगाडी घेऊन परत आला. सुनेचे ओठ हलले ते दिसलं, ऐकू काही आलं नाही. बायको उठली, खिडकीजवळ गेली आणि तिने कूलरचं बटण बंद केलं.

"आई, चव्वेचाळीस डिग्री आहे बाहेर!" मुलगा म्हणाला.

"असू दे. मले ऐकायचं आहे."

त्या दिवसापासून आमच्याकडे जेवताना कूलर बंद राहू लागला. नियम कोणी केला नाही; ताटं मांडली की बायको जाऊन बटण दाबायची. पहिले दोन-तीन दिवस तो निव्वळ छळ होता. घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून वरणात. मुलगा ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसायचा. आणि त्याहून वाईट होती ती शांतता. एकमेकांचं चावणं ऐकू येत होतं. एवढं वाचन करून माणसाला स्वतःचं भुरकणं किती मोठं आहे याचा पत्ता नसतो, हे मला तेव्हा कळलं. शिवाय मी पाणी मागतो ते 'पाणी!' एवढंच म्हणून मागतो, हेही. बायको म्हणाली, "हे तर मले कूलर नसतानाही ऐकू येते, इतकी वर्षं." मी उठून पाणी घेतलं.

सगळा दोष कूलरचा होता आणि तो बंद केल्यावर घरात आनंदीआनंद झाला, असं सांगायला मला आवडलं असतं. शिबिरवाले तसंच सांगतात. पण आवाज गेल्यावर जे खरं होतं तेही ऐकू यायला लागलं. बुधवारी संध्याकाळी सून म्हणाली, "आई, मी ओटा पुसला की तुम्ही तो परत पुसता."

बायको म्हणाली, "सवय आहे मले."

"मला वाटतं, माझं काम तुम्हाला घाण वाटतं."

हे कूलर चालू असताना कोणी बोललं असतं तर ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तर पुढची दोन वाक्यं ओरडून झाली असती. बायकोच्या चेहऱ्यावर ती दोन वाक्यं आलेली मला दिसलीही. 'माझ्या घरात माझा ओटा' हे त्यातलं पहिलं असणार. माझा हात भातात थांबला. बायकोने मान वळवून कपाटावरच्या घंटेकडे पाहिलं. वाजवली नाही. नुसतं पाहिलं आणि एक श्वास घेतला. तो श्वास आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"घाण नाही वाटत," ती म्हणाली. "माझ्या हातालेच चैन नाही पडत. तू पुसून घेत जा. मी अंगणात जाऊन बसीन."

मी आयुष्यभर शूरांची चरित्रं लोकांना काढून दिली. किल्ले घेणारे, समुद्र ओलांडणारे, सगळे पाहिले. पण त्या संध्याकाळी सून ओटा पुसत असताना बायको अंगणातल्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, तसा पराक्रम मी वाचलेला नाही. मी तिच्या बाजूला जाऊन बसलो.

"पुसला असंन तिने कोपऱ्यात?" तिने विचारलं.

"असेल."

"गॅसच्या मागे?"

"अगं, बस."

ती बसली. शेवटपर्यंत बसली. आत गेली तेव्हा ओट्याकडे न पाहता पाणी पिऊन आली. सून ते सगळं पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्यापूर्वी तिने विचारलं, "आई, डाळकांद्याला फोडणी कधी घालायची ते मला एकदा दाखवाल का? माझा तुमच्यासारखा होत नाही." बायकोने दाखवलं. दाखवताना एकदाही चमचा तिच्या हातातून घेतला नाही. सुनेने गूळ घातला तेव्हासुद्धा नाही. ती डाळ आम्ही रात्री सर्वांनी खाल्ली. गोड होती. बायको म्हणाली, "गोड आहे." सून म्हणाली, "हो ना, जरा जास्तच झाला." आणि दोघी हसल्या. फ्लॅटचं मात्र कोणी नाव काढत नव्हतं. मुलाला विचारलं, तर म्हणाला, "ते काही बोलून नाही राहिली, बाबा. मी पण विचारत नाही."

रविवार आला. बायको सकाळपासून आंबे माचवून, दाबून मऊ करून ठेवत होती, कोणाकडे बघत नव्हती. रसासाठी आंबे भरपूर काढले होते. चौघांना पुरून उरतील एवढे. हा शेवटचा रविवार असला तर पोटभर तरी खाऊन जातील, असा तिचा हिशेब असावा. मी पुस्तक उघडून बसलो होतो आणि पान उलटायचं विसरत होतो.

साडेअकराच्या सुमारास मुलाचा फोन वाजला. घरमालक. कूलर चालू होता. मुलगा "हॅलो? हॅलो? हां काका, बोला! काय? ऐकू नाही येऊन राहिलं!" असं करत हॉलभर फिरायला लागला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत रसाने माखलेले, तिने ते अंगापासून दूर धरले होते.

सून खोलीतून बाहेर आली. खिडकीजवळ गेली. तिने कूलरचं बटण दाबलं, नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि तिथेच, आमच्या सगळ्यांच्या समोर उभी राहून बोलली.

"नमस्कार काका. फ्लॅट छान आहे, पण आम्ही येत नाही आहोत." पलीकडून काही विचारलं गेलं. "नाही, भाड्याचं काही नाही." पुन्हा काही. "नाही, हवेचंही नाही. हवा इथे जरा कमीच आहे." तिने बायकोकडे पाहिलं. "आमचं इथे जमतंय. आता आणखी जमेल. थँक यू काका."

तिने फोन नवऱ्याला परत दिला. बायकोच्या कोपरावरून रसाचा थेंब फरशीवर पडला, आणि तो पडलेला ऐकू आला. तिने डोळे पुसायला हात वर नेला, हाताला रस आहे हे आठवून तसाच धरला, मग खांद्याने गाल पुसला.

"लाव ना वं तो कूलर," ती म्हणाली. "सगळ्याले शिजवून राहिली का?"

सुनेने बटण दाबलं. मालगाडी सुरू झाली. वाळ्याचा ओला झोत हॉलभर आला आणि मुलगा दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभा राहिला. बायको आत गेली. आतून तिने आपल्या खऱ्या, उन्हाळी आवाजात हाक मारली,

"बेटा! रस गाळाले ये! काहून उभी राहिली तिथं!"

आणि पुण्याकडच्या त्या मुलीने, जिच्या माहेरी फक्त भांडताना मोठ्याने बोलतात, तिने मान मागे टाकून, कूलरच्या वर, पंख्याच्या वर, छताला जाऊन भिडेल अशी आरोळी दिली,

"आली वं आई!"

नेमका तेवढ्यात मुलाला घरमालकाचा परत फोन आला म्हणून त्याने कूलर बंद केला. भिंतीपलीकडून मावशी ओरडल्या, "आता कायचं भांडण सुरू झालं वं?"

"रसाचं, मावशी!" दोघीही एकदम ओरडल्या.

"मग मले बी पाठवा वाटीभर!"